मेदरेणूंचा हुकूम

परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. या परिसरातील बाह्यरुग्ण विभागांत, पाळी जाऊन काही वर्षे लोटल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले म्हणून तपासायला आलेल्या स्त्रिया भेटतात. गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग बहुधा याच लक्षणातून प्रथम उघडकीस येतो आणि निदानासाठी अस्तराचा तुकडा काढून काचपट्टीवर तपासला जातो.

ती काचपट्टी निरखून पाहू. पीटेन या प्रथिनासाठी रंगवलेल्या छेदात ग्रंथींभोवतालच्या पेशी तपकिरी दिसतात. दाटीवाटीने वाढलेल्या ग्रंथींत मात्र केंद्रकांचा निळा रंग तेवढा उरलेला असतो. तेथे पीटेन नाही. या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या एंडोमेट्रिऑइड प्रकारात असे वारंवार घडते.

मेद म्हटले की आपल्याला तेल, तूप आणि सुटलेले पोट आठवते. पण पेशीत निरोप्याचे कामही मेदरेणू करतात. इन्सुलिनसारखा संदेश येताच पीआय-थ्री-कायनेज हे विकर पेशीपटलातील एका मेदरेणूवर आणखी एक फॉस्फेट चढवते, त्यातून पिप-थ्री तयार होतो आणि त्याच्याकडे ओढले गेलेले एकेटी हे प्रथिन पेशीला वाढण्याचा, विभागण्याचा, तग धरून राहण्याचा हुकूम सोडते. पीटेन ते फॉस्फेट उतरवून हुकूम मागे घेते. तेच हरवले, तर हुकूम रद्द करणारे कोणी उरत नाही.

पाळीत ओटीपोटात कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन्सही पटलातील मेदाम्लापासूनच बनतात. त्यांच्यावरील संशोधनाला १९८२ चे नोबेल मिळाले. अस्तराच्या अनेक अर्बुदांत, म्हणजे कर्करोगाच्या गाठींत, ती बनवणारे कॉक्स-टू हे विकर वाढलेले आढळते, आणि पेशीबाहेर पडलेले प्रोस्टाग्लँडिन ई-टू त्याच किंवा शेजारच्या पेशींच्या ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटून नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास लागणारे घटक तयार करवते. म्हणून कॉक्स-टूला रोखणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी हा रोग बरा होतो, असे मात्र कोणी समजू नये.

पीआय-थ्री-कायनेजला रोखणारी औषधे निघाली, पण अडचण शरीराच्या नेहमीच्या कारभारातच आहे. रक्तातील साखर पेशींत नेण्यासाठी इन्सुलिन हाच मार्ग वापरते, त्यामुळे औषधाने साखर वाढते. वाढलेल्या साखरेमुळे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते आणि, उंदरांवरील प्रयोगांत दिसल्याप्रमाणे, ते इन्सुलिन अर्बुदातील बंद पाडलेला मार्ग काही अंशी पुन्हा सुरू करते.