टोपण कुणी काढलं?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘वेगवेगळ्या कंपन्यांचे जुने संगणक आणि प्रिंटर एकत्र कसे जोडावेत’. छापलाय, म्हणजे कुठल्यातरी प्रिंटरनं कुणाचं तरी ऐकलं! (हशा)

१९९८ साली मी एका छापखान्यात डीटीपी करायचो. एक मॅक, दोन असेंबल्ड पीसी, एक लेझर प्रिंटर. तार एकच, पण जाळ्यावर बोलायच्या भाषा दोन: मॅक ॲपलटॉक बोलणार आणि पीसी नेटबुई. एका घरात अबोला धरलेल्या जावाच. पीसीवरचं पान छापायचं तर फ्लॉपी घेऊन मॅकपर्यंत चालत जायचं.

तार म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी काळी कोॲक्स. प्रत्येक मशीनमागे इंग्रजी टीच्या आकाराचा एक जोड आणि तारेच्या दोन्ही टोकांना अंगुस्तानाएवढं टोपण. दिवाळी अंकाचं काम ऐन भरात, आणि एका दुपारी सगळंच बंद. मॅकवरूनही छपाई होईना. विक्रेता म्हणाला, नेटवर्क कार्ड बदला. बदललं. ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारे प्रोग्राम, पुन्हा चढवले. बदला म्हणणं या लोकांना फार सोपं जातं, बिल आपल्या नावे निघतं ना! तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आमचे मुद्रितशोधक काका शांतपणे म्हणाले, “त्या वायरला पुढं काही जोडलेलंच नव्हतं, म्हणून मी ते टोपण काढलं. हरवलं नाही हो, टाचण्यांच्या डबीत नीट ठेवलंय!”

त्या टोपणात ५० ओहमचा रेझिस्टर असतो. तो नसला की सिग्नल टोकाला आपटून परत फिरतो, विहिरीत हाक मारल्यासारखा, आणि कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. काकांनी अनावश्यक चिन्ह खोडलं होतं, एवढंच.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा. प्रिंटर कुठल्याही एका संगणकाला बांधू नका, थेट जाळ्यावर बसवा. नेटवर्कचं पोर्ट नसेल तर छोटा प्रिंट सर्व्हर, म्हणजे प्रिंटरला जाळ्याशी जोडणारी डबी, लावा. प्रिंटरचा जाळ्यावरचा आयपी पत्ता कायमचा ठरवून द्या. विंडोज २०००पासून पुढं त्यासाठी ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ मिळतं, त्यात हा पत्ता दिला की संगणक प्रिंटरला थेट गाठतो. जाळ्यावरचे बहुतेक प्रिंटर पोर्ट क्रमांक ९१००वर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, ऐकतात. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या सामायिक भाषा समजणारा प्रिंटर असला तर कंपनीचा ड्रायव्हर बंद झाला तरी काम अडत नाही. स्वस्तातल्या कित्येक प्रिंटरना मात्र स्वतःची भाषाच नसते, सगळं संगणकानं शिजवून भरवावं लागतं. तिथं माझाही इलाज नाही.

विंडोज ९८साठी मधे लिनक्सचा एक डबा, म्हणजे संगणक, ठेवा, त्यावर छपाई सांभाळणारा कप्स आणि विंडोजशी बोलणारा सांबा. नव्या सांबात एसएमबी१, म्हणजे विंडोजची जाळ्यावरची जुनी बोली, बंद असते, ती मुद्दाम चालू करावी लागते. २०१७चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच भोकातून घुसला होता, म्हणून या डब्याला इंटरनेट दाखवू नका.

पत्ता सापडत नसेल तर प्रिंटरवरूनच कॉन्फिगरेशनचं पान काढा, त्यावर तो असतो. बाकीचं जिन्यात विचारा, किल्लीवाले दारात उभे आहेत.