अडत कुणाच्या खिशातून?

नमस्कार, श्रोते हो.

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा घालून आलेल्या माणसाच्या खिशात एक कागद असतो. पट्टी म्हणतो आपण त्याला. वजन किती भरलं, भाव काय निघाला, हमाली किती, तोलाई किती आणि शेवटी हातात काय पडलं, सगळं त्या वीतभर कागदावर. 2016 च्या जुलैपर्यंत त्यात आणखी एक ओळ असायची, अडतीची, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याच्या कमिशनची. त्या वर्षी राज्य सरकारनं ठरवलं की फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून कापायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची. अडत्या तोच, काम तेच. पैसे कुणाच्या खिशातून जाणार एवढंच बदललं, आणि तेवढ्यावरून व्यापाऱ्यांनी राज्यभर बाजार बंद ठेवले.

आजचा विषय कांद्याचा नाही. तुमच्या-माझ्या शिलकी पैशाला सल्ला देणाऱ्या बाजाराचा आहे. पण ही पट्टी डोळ्यांसमोर ठेवा.

मी हिशेब तपासणारा माणूस. माझे बरेचसे अशील माग चालवणारे. गेल्या वर्षी त्यांतले एक कारखानदार आले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना होता. मुलं पुण्यात नोकरीला, इथं पाळी सांभाळायला कुणी नाही, म्हणून जागेसकट विकून मोकळे झाले. कर्ज फेडून, कर भरून दोन कोटींच्या आसपास उरले. रक्कम खात्यात पडून आठवडा झाला नव्हता, तोच बँकेतून फोन. मला म्हणाले, "चाळीस वर्षं रांगेत उभारलो ओ मी त्या बँकेत. काल साहेब स्वतः चहा मागवला." त्यानंतर पुण्याहून एक तरुण आला. टाय, टॅब, गुळगुळीत कागदाची पुस्तिका. पद रिलेशनशिप मॅनेजर. कंपनी वेल्थ मॅनेजमेंटची.

आता ही वेल्थ कंपनी म्हणजे नेमकं काय? पैसेवाल्यांची गुंतवणूक सांभाळण्याचा धंदा. आपल्याकडे तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत फोफावला. पूर्वी आयआयएफएल वेल्थ म्हणून ओळखली जाणारी, आता 360 वन या नावाची कंपनी, एडलवाइजमधून वेगळी झालेली नुवामा, आणि आनंद राठी वेल्थ ही त्यातली शेअर बाजारात नोंदलेली नावं. नोंदलेल्या कंपनीचा एक फायदा असतो, तिला आपली चोपडी उघडी ठेवावी लागते. म्हणून उदाहरणाला आनंद राठी वेल्थ घेऊ. मुख्यालय मुंबईत, शेअर बाजारात आली डिसेंबर 2021 मध्ये. मार्च 2025 अखेर तिच्याकडे ग्राहकांची सुमारे 77 हजार कोटी रुपयांची मालमत्ता होती आणि कुटुंबं होती साडेअकरा हजारांच्या आसपास. भागाकार करा. एका कुटुंबामागे सरासरी साडेसहा कोटींच्या वर. म्हणजे आमचे कारखानदार, जे नव्या पेठेत श्रीमंत गणले जातात, ते त्या यादीत खालच्या पायऱ्यांवर बसतील.

आणि कंपनी कमावते कशातून? फीमधून असं वाटेल. तसं नाही. तिच्या उत्पन्नाचा मुख्य भाग म्युच्युअल फंड आणि बाजाराशी जोडलेले रोखे ग्राहकांपर्यंत पोहोचवण्यातून येतो. कायद्याच्या भाषेत ती वितरक आहे. यात लपवाछपवी काही नाही, तिच्या कागदपत्रांत ते स्वच्छ लिहिलेलं आहे. वाचतो कोण, एवढाच प्रश्न.

इथं सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम समजून घेतला पाहिजे. सेबीनं 2013 मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियमावली आणली आणि 2020 मध्ये ती कडक केली. एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फीही घ्यायची आणि त्यालाच विकलेल्या मालावर कमिशनही घ्यायचं, हे चालणार नाही असं ठरलं. नोंदणीकृत सल्लागार नसेल त्या वितरकानं स्वतःला वेल्थ अॅडव्हायझर म्हणवून घ्यायचं नाही, हेही त्यातच आलं. ओळखायची खूण सोपी आहे. कार्डावर एआरएन क्रमांक असेल तर तो म्युच्युअल फंडाचा वितरक, त्याला पैसे फंड कंपनी देते. आयएनए या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असेल तर तो सल्लागार, त्याला पैसे तुम्ही देता. देशभरात वितरक लाखाच्या वर आहेत. असे सल्लागार मात्र हजाराच्या आसपास, एवढ्या मोठ्या देशात. सोलापुरात शोधायला निघालात तर चपला झिजतील.

असं का? कारण उघड आहे. आपल्याला फी द्यायला जिवावर येतं. सल्लागार एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त 1 लाख 51 हजार रुपये ठोक फी घेऊ शकतो, अर्थात पाच-दहा हजारांत काम करणारेही असतात. पण ते पाच हजार चेकनं द्यायचे म्हटले की माणूस म्हणतो, "नुसतं सांगायचे पैसे?" डॉक्टर नुसतं सांगायचेच घेतो, वकीलही. पैशाच्या बाबतीत मात्र आपल्याला फुकटचा सल्ला हवा असतो. मग तो फुकटवाला आपली अडत दुसरीकडून वसूल करतो, म्हणजे शेवटी आपल्याकडूनच.

म्युच्युअल फंडात ही अडत कशी कापली जाते बघा. 2009 च्या ऑगस्टपर्यंत पैसे गुंतवतानाच एंट्री लोड कापला जायचा, दिसायचा तरी. तो सेबीनं बंद केला. 2013 च्या जानेवारीपासून प्रत्येक योजनेला दोन दरवाजे झाले. एक डायरेक्ट, मधे कुणी नाही. दुसरा रेग्युलर, वितरकामार्फत. माल एकच, रेग्युलरचा खर्च थोडा जास्त, कारण त्यात वितरकाचं कमिशन रोज थेंबाथेंबानं जातं. ते वेगळ्या ओळीत कापलेलं दिसत नाही, एनएव्हीतूनच, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीतूनच, वजा होऊन येतं. शेअरच्या फंडांत हा फरक अनेकदा वर्षाला अर्ध्या ते एक टक्क्याचा असतो.

एक टक्का म्हणजे काय, असं वाटेल. समजा दर महिन्याला 10 हजार, वीस वर्षं. तुमच्या खिशातून गेले 24 लाख. परतावा 12 टक्के धरला तर जमतात जवळपास 99 लाख. 11 टक्के धरला तर साडेशह्याऐंशी. मधले बारा लाख कुठे गेले, ते कुठल्याच पट्टीवर येत नाही.

नाही, चुकलो. येतं. फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून सांगतो. 2016 च्या ऑक्टोबरपासूनच्या नियमाप्रमाणे वर्षातून दोनदा तुमच्या ईमेलवर जे एकत्रित खातेपत्रक येतं, कॅस म्हणतात त्याला, त्यात त्या सहा महिन्यांत तुमच्या गुंतवणुकीवर वितरकाला किती रुपये कमिशन गेलं ते प्रत्येक योजनेपुढे छापलेलं असतं. तुम्ही ज्या दरवाजानं गेलात, त्याचा सरासरी खर्चही टक्क्यांत असतो. ती आपली पट्टी. उघडायला पासवर्ड लागतो, बहुधा पॅन क्रमांक, आणि तिथंच लोक थांबतात.

पण वितरक म्हणजे चोर असं मी म्हणत नाही. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के कोसळला. त्या आठवड्यात टाळेबंदीत घरी बसलेले लोक सगळं काढून टाकायला निघाले होते. ज्यांचा वितरक फोनवर म्हणाला, "अण्णा, हात लावू नका, दोन वर्षांनी बोलू," त्यांना त्या एका फोननं पुढची कित्येक वर्षांची अडत वसूल करून दिली. डायरेक्टवाल्याला तो फोन करायला कुणी नव्हतं. शिवाय आपल्या गावाला भीती नवी नाही. 2022 च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं सोलापूरच्याच लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो हे कित्येकांना पहिल्यांदा कळलं. अशा वेळी ओळखीचा माणूस दारात येणं याला किंमत आहे. विमा पॉलिसीला गुंतवणूक म्हणून गळ्यात मारणाऱ्यांबद्दल मात्र माझ्याकडे चांगला शब्द नाही.

तर आमचे कारखानदार. त्यांचा एक जुना वितरक होता, स्कूटरवरून फिरणारा, आठ-नऊ वर्षं त्यांच्या एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा जाणारे हप्ते, बघणारा. माझ्यासमोर आम्ही ते खातेपत्रक उघडलं. सहा महिन्यांचं कमिशन, अकरा हजारांच्या वर. मालक गप्प झाले. मग त्यालाच बोलावलं. तो आला, आकडा पाहिला, म्हणाला, "हो, माझेच आहेत. यात तुमच्या वहिनींच्या नॉमिनीचं काम आलं, केवायसी अडकली होती ती आली." मालक म्हणाले, "बरोबर आहे की." त्याच्या एसआयपी त्यांनी तशाच ठेवल्या.

दोन कोटींसाठी मात्र आयएनए क्रमांकाचा एक सल्लागार शोधला, बाहेरगावचा, व्हिडिओ कॉलवर बोलणारा. फी 40 हजार. चेकवर सही करताना मालकांचा हात तिथंच थांबला. "साहेब," मला म्हणाले, "त्या अकरा हजारांचं नऊ वर्षं काही वाटलं नाही. हे दिसायलंय म्हणून टोचायलंय ओ." सही केली मग.

पुण्याचा तो तरुण अजून फोन करतो. दिवाळीला त्याच्याकडून सुकामेव्याचा डबा आला होता, चांगला दोन किलोचा. मालकांनी तो न उघडता माझ्या ऑफिसात पाठवून दिला, वर चिठ्ठी: कुणाच्या खात्यावर टाकायचं ते तुम्हीच बघा.

नमस्कार.