मेणातला तुकडा

(पहाट. नागपूर रेल्वे स्टेशन, संत्रा मार्केटकडची बाजू.)

गोंदियाकडची गाडी लागली की या दारातून माल घ्यायला आलेली माणसं बाहेर पडतात आणि दवाखान्यात निघालेली. दुसरी लगेच ओळखू येतात ती पिशवीवरून. साडीच्या दुकानाची मोठी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात फाइल, सीटी स्कॅनच्या फिल्मी, गोळ्यांच्या पट्ट्या. ऑटोवालेही पत्ता विचारत नाहीत. मेडिकल, तुकडोजी की जामठा, कोणता दवाखाना एवढंच.

या काकूंचं नाव आणि त्या जातात त्या दवाखान्याचं नाव या फिल्ममध्ये येणार नाही. परवानगी त्याच अटीवर मिळाली. म्हणून तुम्हाला हात दिसतील, पिशवी दिसेल, आणि पिशवीच्या तळाशी रुमालात बांधलेली एक वस्तू.

२०१६ साली स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. केमो झाली, शेक म्हणजे रेडिएशन झालं, मग पाच वर्षं रोज एक गोळी. आठ वर्षांनी खोकला सुरू झाला. कॅन्सर परतला होता, आणि तपासणीसाठी गाठीचा तुकडा पुन्हा काढायचा होता.

(दवाखान्यातली खोली. टेबलावर रुमाल उघडतो.)

"पुन्हा तुकडा काहून काढता जी? मागं काढला होता ना? बिमारी तर तेच आहे."

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि गेली कित्येक वर्षं संशोधक त्याच प्रश्नामागे आहेत. कारण परतलेली बिमारी दर वेळी तीच नसते. पहिली गाठ हार्मोनवर वाढणारी असली, तरी साधारण पाचातल्या एकीच्या परतलेल्या गाठीत ती खूण बदललेली सापडते. जुनीच औषधं चालू ठेवायची की वाट बदलायची, हे नव्या तुकड्याला विचारावं लागतं. आणि शेजारी जुना तुकडा असला तर उत्तम.

रुमालात तोच आहे. २०१६ चा. काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकचा साचा, त्यात मेण, मेणात नखाएवढा पांढुरका ठिपका. दवाखान्यात याला ब्लॉक म्हणतात. जुन्या लॅबकडे तीन फेऱ्या मारून काकूंच्या मुलाने तो मिळवला. बहुतेक बायकांना आपला ब्लॉक कुठेतरी आहे हेच कोणी सांगत नाही.

(पॅथॉलॉजी लॅब. यंत्राचं पातं, जवळून.)

आता हे नीट बघा. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग अल्कोहोल त्यातलं पाणी काढून घेतं, मग वितळलेलं मेण त्या जागी शिरतं. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं. "गाडीत उन्हात ठेवू नका," असं लॅबवाले दादा प्रत्येकाला बजावतात. नागपूरच्या मे महिन्यात ती भीती पोकळ नाही. मग हे पातं तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतं. मलमलीसारखा काप कोमट पाण्यावर तरंगतो आणि काचपट्टी खालून येऊन त्याला अलगद उचलते. हा शॉट आम्ही अकरा वेळा घेतला.

(सूक्ष्मदर्शकातून दोन काचा, शेजारीशेजारी.)

डावीकडे २०१६. तपकिरी ठिपक्यांनी भरलेली. प्रत्येक ठिपका म्हणजे हार्मोनची खूण असलेलं पेशीचं केंद्रक. उजवीकडे आत्ताची काच. निळंच निळं. हार्मोनची खूण गेलेली. त्याच तुकड्याच्या दुसऱ्या कापावर वेगळ्या खुणेची तपासणी केली, तिथे तपकिरी शोधावं लागतं, आणि सापडतं ते पेशींच्या कडेला, पुसट कड्यासारखं. ती हर-टू ची खूण, पेशीच्या कडेवरचं एक प्रथिन. तीनपैकी गुण, एक.

एक गुण म्हणजे पूर्वी "निगेटिव्ह". पुढे पान उलटायचं. २०२२ साली ५५७ रुग्णांवरच्या एका चाचणीचे निकाल आले आणि या पुसट कड्यालाही अर्थ आला. नेहमीच्या केमोवर निम्म्या रुग्णांचा आजार ५.१ महिने तरी आवरला जात होता, नव्या औषधावर ९.९ महिने. त्याच हिशेबाने आयुष्य १६.८ वरून २३.४ महिने. ट्रायलच्या, म्हणजे अशा चाचणीच्या, बाहेर ते औषध लाखांत जातं.

काकूंच्या पिशवीतली टॅमॉक्सिफेनची, त्या रोजच्या गोळीची, जुनी पट्टीसुद्धा अशाच चाचणीतून आली. गर्भनिरोधक शोधताना बाजूला पडलेलं ते रसायन. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी पुढे गेलेल्या कॅन्सरच्या ४६ बायकांना ते दिलं, दहाजणींना गुण आला. आज ते कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं.

(संमतीची खोली. तिपाईवर कॅमेरा. हा कॅमेरा आमचा नाही.)

काकूंना एका ट्रायलबद्दल विचारलंय. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये काकूंसारख्या हतबल रुग्णाची संमती चित्रित करावी लागते, २०१९ च्या नियमांत तसं आहे. काकूंना वाचता येत नाही, म्हणून ट्रायलशी संबंध नसलेला एक साक्षीदार शेजारी बसलाय. माहितीपत्रक मराठीत आहे. म्हणजे, "यादृच्छिक पद्धतीने वाटप" याला मराठी म्हणायचं असेल तर. को-ऑर्डिनेटर ताईंनी तो कागद बाजूला ठेवला.

"कोन्या गटात जाल ते कॉम्प्युटर ठरवते काकू. चिठ्ठी काढल्यासारखं."

"मंग चांगलं औषध मले नाही भेटलं तर?"

"कोनतं चांगलं तेच तर पाहाचं आहे. दुसऱ्या गटालेही औषधच भेटते, आज जे चालू आहे ते. पान्याची सुई कोनालेच नाही."

"मधातच सोडून देता येते काय?"

"येते. कारणही सांगू नका. तुमचा इलाज बंद होत नाही."

हे बोलणं चाळीस मिनिटं चाललं. आम्ही यातलं काही कापलं नसतं, पण फिल्म बारा मिनिटांची आहे. शेवटी अंगठा उमटला. त्याआधी काकूंनी दोनदा नाही म्हटलं होतं, तेही त्या कॅमेऱ्यात आहे.

(स्कॅनचा पडदा. कर्सर गाठीवर रेघ ओढतो.)

फुफ्फुसातल्या दोन गाठी, यकृतातली एक. ३१, २२ आणि १४ मिलिमीटर. बेरीज ६७. बेरीज तीस टक्क्यांनी घटली तर औषधाला प्रतिसाद मिळाला म्हणायचं, सर्वांत कमी झालेल्या बेरजेवरून वीस टक्क्यांनी वाढली तर आजार पुढे गेला म्हणायचं आणि ट्रायलचं औषध थांबवायचं. नऊ आठवड्यांनंतर बेरीज आली ५२. तीस टक्के नाही भरले. नियमाच्या भाषेत, "स्थिर".

(लॅबची खिडकी. काकूंचा हात, घडी केलेला रिकामा रुमाल.)

"ब्लॉक परत भेटन ना जी?"

काही काप अजून लागतील, तोवर तो इथेच राहील. दादा रजिस्टरमध्ये नंबर लिहितात, पावती फाडतात. काकू पावती रुमालात बांधतात. तीनची गाडी आहे.