पहाटे पाचचा गजर

मित्रहो, तुमच्यातले बरेच जण पदरमोड करून लघुपट बनवता. म्हणून आज चार्ली चॅप्लिनच्या गाजलेल्या मोठ्या चित्रपटांबद्दल न बोलता 'पे डे'बद्दल बोलतो. 'पे डे' म्हणजे पगाराचा दिवस. हा दोन रिळांचा मूकपट एप्रिल १९२२मध्ये आला. वितरण फर्स्ट नॅशनल या कंपनीचं होतं, पण हॉलिवूडमधला स्टुडिओ चॅप्लिनच्या मालकीचा, आणि लेखन, दिग्दर्शन, निर्मितीही त्याचीच.

नायक बांधकामावरचा मजूर. सकाळी उशिरा येतो आणि मुकादमापुढे लिलीचं फूल धरतो. मुकादमाला अर्थातच फूल नको असतं, काम हवं असतं. पुढचा विटांचा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल! खालून विटा भराभर येतायत आणि परांचीवर उभा चार्ली त्या हातात, पायावर, गुडघ्यामागे झेलतोय. युक्ती साधी आहे: विटा वरून खाली सोडल्या आणि फिल्म उलटी फिरवली. पण ती कळल्यावरही मजा कमी होत नाही, कारण तिथे कष्टांचा वेग दिसतो. माणूस यंत्राच्या गतीने राबतोय, आणि तेही नाचल्यासारखं. हसू येतं ते त्याच्या कसबाला. गरिबीला हसावं अशी जागाच तो ठेवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे डबा नाही. शेजारी माल चढवायची लिफ्ट वरखाली होते, आणि दुसऱ्यांनी तिच्यावर ठेवलेलं खाणं आपसूक त्याच्यापुढे येतं. हे सुचायला भूक माहीत असावी लागते. लंडनच्या लॅम्बेथमधल्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये चॅप्लिन सात वर्षांचा असताना राहिलेला होता.

मग पगार होतो. बायको फाटकाशी उभीच असते. तो नोटा टोपीत लपवतो. इथे माझी तक्रार आहे. चित्रपट तिला नुसती खाष्ट करून टाकतो. आपल्या गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात वसुलीसाठी पठाण सावकार थांबत. त्या दारात उभ्या राहणाऱ्या बाईच्या डोक्यात वाण्याची उधारी आणि खोलीचं भाडं असतं. तुमच्यापैकी कुणी असा लघुपट केला, तर तिलाही मनापासून लिहा, एवढी विनंती.

रात्री तो मित्रांबरोबर पितो. घरी जायला ट्राममध्ये शिरावं तर गर्दीचा लोंढा त्याला बाहेर ढकलतो. शेवटी खाण्याच्या गाडीलाच तो ट्राम समजतो आणि टांगलेल्या सॉसेजला धरून उभा राहतो. या मजुराच्या चिडीबद्दल एकही भाषण चित्रपटात नाही. त्याच्या दिवसातले तास कुठे जातात, एवढंच चॅप्लिन दाखवतो. तुमच्या पटकथेत नायक मालकाला चार शब्द सुनावत असेल, तर ते खोडून त्याच्या दिवसाचं वेळापत्रक लिहून बघा.

पहाटे पाचला तो चोरपावलांनी घरात शिरतो. कपडे काढायला लागतो, तोच गजर वाजतो. बायको उठते. आता आपण नुकतेच जागे झालोय, कामावर निघालोय, असं दाखवण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. काढत असलेले कपडे तो पुन्हा चढवू लागतो. मग तिची नजर चुकवून न्हाणीघरात जातो आणि झोपायला टबात शिरतो. टब पाण्याने भरलेला असतो.