ज्युनिपर म्हणजे वड नव्हे

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांचं पहिलं बोन्साय वडाचं, उंबराचं, नाहीतर जेडचं असणार. माझंही वडाचंच होतं. वड फार सोशिक. पानं ओरबाडा, फांदी मध्येच उडवा, काही दिवसांत उघड्या लाकडातून कोंब डोकावतात. आपल्या हातांना तीच सवय लागते आणि तेच हात घेऊन आपण ज्युनिपरकडे, म्हणजे बारीक पाल्याच्या त्या सूचिपर्णी झाडाकडे वळतो.

ज्युनिपरचा सगळा जीव त्याच्या हिरव्या पाल्यात. जुन्या, उघड्या लाकडातून ते सहसा फुटत नाही. फांदीवरचा पाला पुरता काढलात, की ती फांदी गेली असं समजा.

माझं पहिलं ज्युनिपर गुडघ्याएवढं होतं. एका रविवारी सकाळी मी आतला पाला साफ केला, टोकांना तेवढे झुपके ठेवले, तारा गुंडाळल्या. दुपारी हुरूप आणखी वाढला, म्हणून मुळं कापून उथळ कुंडीतही बसवलं. दीड महिना ते हिरवंगार होतं! येईल त्याला मी कौतुकानं दाखवत होतो. मग रंग उतरला, पाला हाताला कुरकुरीत लागायला लागला. ते कधीच मेलं होतं हो. ज्युनिपर मेल्यावरही कितीतरी आठवडे हिरवं दिसतं. मी मेलेल्या झाडाला रोज पाणी घालत होतो.

तेव्हापासून माझा नियम असा: एका हंगामात आकार द्यायचा किंवा कुंडी बदलायची, दोन्ही नाही. आणि पहिल्या खेपेला एक तृतीयांशाहून जास्त पाला काढायचा नाही. आपल्याकडे पाऊस सरून हवा गार झाली, की हे काम काढावं.

आधी काडीनं वरची माती उकरा. खोड मुळांना कुठे मिळतं ते दिसल्याशिवाय समोरची बाजू ठरवता येत नाही. नर्सरीतल्या रोपाचा बुंधा बऱ्याचदा दोन बोटं मातीखाली गाडलेला असतो. मग रोप फिरवत राहा. खोडाचं वळण कुठून छान दिसतं? कंटाळा येईपर्यंत बघा. त्यानंतर फांद्यांच्या बेचक्यातला वाळका कचरा आणि खाली लोंबणारी बारीक फूट काढा. छाटणी म्हणून सुरुवातीला एवढंच पुरे.

खरं काम तारेचं. ॲल्युमिनियमची तार घ्या, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. एकाच तारेनं जवळच्या दोन फांद्या बांधा, म्हणजे मधल्या खोडावर तिला पकड मिळते. वेढे तिरपे, साधारण ४५ अंशांत. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तार यायला हवी; नसली तर तिथेच साल फाटते. दोन्ही अंगठे टेकवून हळूहळू वाकवा. बारीक 'कट्' ऐकू आलं, की थांबा. आणि तार काढताना उलगडत बसू नका, कटरनं तुकडे करून काढा. तारेच्या चार पैशांपायी फांदी मोडलेली मी पाहिली आहे.

आता नको असलेली जाड फांदी. ती बुडापासून उडवू नका. थोडा खुंट ठेवा, बुडाशी साल गोल कापा, पकडीनं चेचून सोला. आतलं पांढरं लाकूड उघडं पडतं. जपानीत याला जिन म्हणतात. खोडावर सोललेल्या पट्ट्याला शारी. ही नुसती नटवानटवी नाही. जपानच्या शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगराच्या कड्यांवर शिंपाकू हे जपानी ज्युनिपर उगवायचं. बर्फ, वारा आणि कोसळणारे दगड यांनी त्याच्या फांद्या सोलल्या जायच्या, आणि सालीच्या एका पट्टीवर झाड जगायचं. माणसं दोराला लोंबकळून ती झाडं काढून आणत. टोकियोच्या १९२३ च्या भूकंपानंतर काही बोन्सायकार टोकियोच्या उत्तरेला ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्सायचं गावच वसलं. तिथे असं ज्युनिपर पाहिलं, की मेलेलं किती आणि जिवंत किती, हेच कळेनासं होतं.

काम झालं, की रोप दिवाणखान्यात मिरवू नका. त्याला बाहेरची हवा आणि ऊन लागतं. काही दिवस दुपारच्या उन्हातून आडोशाला ठेवा, एवढंच.

चला, ज्यांनी रोपं आणली आहेत त्यांनी पुढं या. काडी हातात घ्या. कात्री अजून पिशवीतच असू द्या.