मार न देण्याची तालीम

नमस्कार मंडळी. साल १९५९, अमेरिकेच्या दक्षिणेतलं नॅशव्हिल शहर. क्लार्क मेमोरियल नावाच्या चर्चमध्ये संध्याकाळी कॉलेजातली काळी पोरं-पोरी जमायची, ओळीने खुर्च्या मांडायची, काहीजण त्यावर बसायचे आणि बाकीचे, म्हणजे त्यांचेच दोस्त बरं का, त्यांना वाट्टेल त्या शिव्या घालायचे, सिगरेटचा धूर तोंडावर सोडायचे, खुर्चीवरून खाली ओढायचे. बसलेल्याने उलट हात उचलायचा नाही. पडलो तर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला जास्त मार बसतोय असं दिसलं तर आपण मध्ये कसं पडायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यात कसं बघत राहायचं, हे सगळं करून बघायचं. मग थांबून चर्चा, आणि परत पहिल्यापासून. ही तालीम घेणारा तिशीतला शांत माणूस म्हणजे रेव्हरंड जेम्स लॉसन.

आपण अहिंसा म्हटलं की लगेच सोशिक, गरीब स्वभावाचा माणूस डोळ्यापुढे आणतो. लॉसन तसे अजिबात नव्हते. १९२८ चा जन्म, ओहायोतल्या मॅसिलॉनमध्ये वाढले, वडील पाद्री. लहानपणी एका गोऱ्या पोराने गाडीतून शिवी हासडली तर यांनी जाऊन त्याच्या थोबाडीत दिली, घरी येऊन आईला सांगितलं, तर आई स्वयंपाक करता करता, मागे वळूनही न बघता म्हणाली की जिमी, त्याने काय साधलं? हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून पुढे कधी गेलाच नाही. कोरियाचं युद्ध चालू असताना लष्करभरतीच्या कायद्याला सरळ नकार दिला आणि वर्षभराहून जास्त तुरुंगात काढलं. पाद्री होणार म्हणून सूट मिळाली असती, ती मागायलाही तयार नव्हते!

आणि तुरुंगातून सुटल्यावर कुठे आले माहितीये? आपल्या नागपुरात. १९५३ साली मेथॉडिस्ट मिशनतर्फे हिस्लॉप कॉलेजला, तिथे शिकवायचे आणि पोरांचे खेळ बघायचे. गांधीजी जाऊन पाचच वर्षं झाली होती, त्यांच्यासोबत काम केलेली माणसं हयात होती, सत्याग्रह कसा उभा करतात हे त्यांना इथेच नीट समजून घेता आलं. डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्याच पेपरात त्यांनी बातमी वाचली की अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांनी भेदभावाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकलाय आणि मार्टिन लूथर किंग नावाचा तरुण पाद्री पुढे आहे, तेव्हा म्हणे ते आनंदाने ओरडायला आणि टाळ्या वाजवायलाच लागले. मला हे फार आवडतं, कारण ज्याची वाट बघत होते ते त्यांच्याच देशात सुरू झालं होतं आणि हे बसलेत नागपुरात.

१९५६ ला परत गेले, पुढच्या फेब्रुवारीत ओबर्लिन कॉलेजात किंग यांची भेट झाली. किंग म्हणाले, शिक्षण संपायची वाट बघू नका, आत्ताच दक्षिणेत या. लॉसन खरंच नॅशव्हिलला आले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात नाव घातलं आणि वर सांगितलेले वर्ग सुरू केले. जॉन लुईस, डायन नॅश, बर्नार्ड लाफायेट ही पुढे काळ्यांच्या हक्कांच्या लढ्यात गाजलेली सगळी त्याच वर्गातली पोरं.

१३ फेब्रुवारी १९६० ला ही पोरं दुकानांमधल्या, फक्त गोऱ्यांना खायला देणाऱ्या काउंटरवर जाऊन बसली. नीट कपडे, हातात पुस्तकं. २७ तारखेला गोऱ्या टोळक्याने मारलं, आणि पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांना, ८१ जण! पण एक तुकडी उचलून नेली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची, हे आधीच ठरलेलं.

याच दिवसांत एक लेदर जॅकेटवाला पोरगा लॉसनच्या अंगावर थुंकला. लॉसननी त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गडबडला की त्याने दिलासुद्धा. तोंड पुसून रुमाल परत केला आणि विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का रे? मग दोघं चक्क गाडीबद्दल बोलत उभे राहिले आणि तेवढ्यात बाकीच्यांना निसटता आलं. आता हे काही आयत्या वेळी सुचत नाही हो, त्यामागे वर्षानुवर्षांची सवय आहे.

व्हँडरबिल्टने त्यांना काढून टाकलं, त्याच्या निषेधार्थ तिथल्या प्राध्यापकांनी राजीनामे दिले. एप्रिलमध्ये पोरांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, हजारो लोक गप्प चालत सिटी हॉलवर गेले. डायन नॅशने मेयरला तोंडावर विचारलं की हा भेदभाव तुम्हाला चुकीचा वाटतो की नाही, आणि मेयरना हो म्हणावं लागलं. १० मे ला सहा दुकानांचे काउंटर सगळ्यांना खुले झाले.

दरवेळी जमलंच असं नाही. १९६८ मध्ये मेम्फिसला कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले, तेराशे सफाई कामगार संपावर गेले, लॉसननी किंगना बोलावलं. २८ मार्चच्या मोर्चात काही पोरांनी काचा फोडल्या, पोलीस तुटून पडले, सोळा वर्षांचा एक मुलगा गोळीने गेला. मला विचाराल तर नॅशव्हिलमधली ती महिनोन्महिन्यांची तालीम इथे एवढ्या मोठ्या गर्दीची झालेलीच नव्हती. शांततेत मोर्चा काढून दाखवायचा म्हणून किंग परत आले आणि ४ एप्रिलला त्यांचा खून झाला. संप पुढे कामगारांनी जिंकला, पण काय किमतीवर.

किंग यांच्या खुनाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या जेम्स अर्ल रेला लॉसन तुरुंगात जाऊन भेटायचे, १९७८ साली त्याचं लग्नही त्यांनीच लावलं. बऱ्याच लोकांना हे पचलं नाही, मलाही पटकन पचत नाही, पण ते पाद्री होते आणि त्यांच्या लेखी माणूस म्हणजे माणूस.

लॉस एंजलिसला २५ वर्षं चर्च सांभाळलं, २००६ मध्ये त्याच व्हँडरबिल्टने त्यांना शिकवायला बोलावून घेतलं. ९ जून २०२४ ला, ९५ व्या वर्षी गेले. त्याआधी लॉस एंजलिसच्या हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या बायका पगारासाठी रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्या युनियनचे वर्गही यांनीच घेतले, पोलीस आले की कसं बसायचं आणि अटक कशी करून घ्यायची, सगळं पहिल्यापासून. नमस्कार.