मोठं मैदान, एकटा पाठलाग

मित्रहो, ‘टेंपल’ नावाचं स्टेज, म्हणजे लढायचं मैदान, २००१ साली निन्टेन्डोच्या गेमक्यूबवरच्या सुपर स्मॅश ब्रदर्स मेले या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये आलं. पुढे याच मालिकेतल्या ब्रॉल (२००८), वी यू या कन्सोलवरची आवृत्ती (२०१४) आणि अल्टिमेट (२०१८) या तिन्हींत ते टिकलं. घरी चौघं जमले की हेच स्टेज लागतं, आणि स्पर्धेच्या यादीत मात्र ते नसतं. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, ‘फार मोठं आहे.’ हे उत्तर अर्धवट आहे. अडचण आकाराची नाही, रचनेची आहे: एक वळसा आणि एक छत.

आधी वळसा. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कच्या मधल्या मंडपाभोवती दोघांना पळवून बघा. पुढचा जरा जरी वेगवान असला तर मागच्याच्या हाती तो लागत नाही. टेंपलमध्येही वरच्या मजल्यावरून खाली उतरून पुन्हा वर येता येतं, रस्ता कुठेच संपत नाही. मेलेमध्ये फॉक्स या चपळ पात्राचा पळण्याचा वेग दर फ्रेमला २.२ एकक, गॅननडॉर्फ या संथ पात्राचा १.३५. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला ५१ एककांचं अंतर वाढतं. फॉक्सने एक ठोसा मारून टक्केवारीत, म्हणजे साचलेल्या माराच्या आकड्यात, आघाडी घेतली की उरलेला वेळ नुसतं पळायचं. वेळ संपली आणि जीव समान असले तर स्पर्धेत कमी टक्केवारीवाला जिंकतो. खेळाडू याला सर्कल कॅम्पिंग म्हणतात.

आपल्या खो-खोत ही गाठ फार सुंदर सोडवली आहे. पाठलागाच्या संघात नऊ गडी, त्यांतले आठ बसलेले. धावणारा कुठेही अडला की खो देतो आणि ताजा गडी उठतो. टेंपलवरच्या एकास एक सामन्यात पाठलाग करणाऱ्याला खो द्यायला कुणीच नसतं. म्हणून इथे दोन विरुद्ध दोन खेळा. एक साथीदार मागे लागतो, दुसरा उलट्या दिशेने येऊन वाट अडवतो, आणि वळसा लगेच बंद होतो.

आता छत. खालच्या पोकळीला खेळाडू ‘केव्ह ऑफ लाइफ’ म्हणतात. या खेळात मार जितका साचेल तितका पुढचा फटका लांब उडवतो, आणि पडद्याबाहेरची ब्लास्ट लाइन ओलांडली की जीव जातो. पोकळीत मात्र वर उडालेला माणूस छताला आपटतो, आत परत येतो आणि जिवंत राहतो. त्यात टेक, म्हणजे आपटताना वेळेवर बटण दाबून सावरणं, जमलं तर आपटून उसळणंही टळतं. मेलेमध्ये आपटण्याआधीच्या २० फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात, शील्डचं बटण दाबायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं: घाबरून बटण सारखं दाबलं जातं. एकदा दाबल्यावर ४० फ्रेमच्या आत पुन्हा दाबलेलं धरलं जात नाही, त्यामुळे घाईने दाबलेलं पहिलंच बटण खरं टेक खाऊन टाकतं. एकदाच दाबा, भिंत डोळ्यांनी बघून.

मारणाऱ्यानेही पोकळीत वर उडवणारे फटके सोडून द्यावेत. त्यांत फक्त टक्केवारी वाढते. पकडून उघड्या बाजूकडे फेकावं, किंवा प्रतिस्पर्ध्याला सर्वांत वरच्या मजल्यावर येऊ द्यावं. तिथून वरची ब्लास्ट लाइन जवळ पडते, तोच फटका तिथे जीव घेतो.

छताचा प्रश्न मुळातून काढायचा असेल तर अल्टिमेटमध्ये स्टॅमिना पद्धत लावा. प्रत्येकाला १५० एचपी, म्हणजे ताकदीचे गुण. शून्य झालं की बाद, मग तुम्ही पोकळीत असा की शिखरावर. पळणं यानं थांबत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. स्टॅमिना आणि दोन विरुद्ध दोन, ही जोडी एकत्रच लागते. एकास एक खेळायचं असेल तर याच स्टेजचं ओमेगा किंवा बॅटलफील्ड रूप निवडा. पार्श्वभूमी मंदिराचीच राहते, रणांगण पहिल्यात सपाट, दुसऱ्यात तीन प्लॅटफॉर्मचं.

शेवटी टीव्ही. खेळाडू लांब गेले की कॅमेरा मागे सरतो आणि माणसं मुंगीएवढी होतात. लहान पडद्यावर चौघांनी खेळताना जवळ बसा आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा. एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, चित्र सुधारण्यात टीव्हीने चार-पाच फ्रेम घेतल्या तर टेकच्या २० फ्रेमपैकी तितक्या आधीच गेलेल्या असतात.